कोरहाची भीती

माज्या बापाची, अप्पाची, शवपेटी चर्चच्या पायरीवर ठेवली व्हती. कमिटीचे मोठे साहेब दारात आडवे उभे. म्हनले, "आत नको. व्हरांड्यातच प्रार्थना उरकू."

ज्या चर्चची फरशी अप्पानं जलमभर पुसली, तिथं त्याची पेटी चालली न्हाय. सगळेच ख्रिस्ती. पन साहेबांचं घरानं वरच्या जातीतनं आलेलं, आमी झाडूवाल्यांच्या वस्तीतनं. त्यांच्या कबरी लिंबाखाली. आमची मानसं मागं, गटारीच्या कडंला.

मी बारावी शिकलेली, सात रस्ता चौकाकडच्या दवाखान्यात आया. मी म्हनलं, "साहेब, लिंबाखाली जागा हाय की."

साहेबांनी हातातलं शास्त्र, म्हंजी बायबल, उघडलंसुद्धा न्हाय. तोंडपाठच सांगितलं. इस्राएल लोक मिसरातनं सुटले, रानात भटकले. तिथं कोरहानं त्यांच्या पुढाऱ्याविरुद्ध, मोशेविरुद्ध, बंड केलं. जमीन फाटली आनि कोरह घरादारासकट आत गेला. मग माज्या आईकडं बघून म्हनले, "मुलीला आज्ञापालन शिकवा."

आईनं माजं डोकं धरून खाली वाकवलं. सगळ्यांदेखत. मी वाकले. त्याची लाज मला अजून वाटती. साहेबांचा राग आला त्यापरास माजाच जास्त आला. अप्पाला मागंच पुरलं.

आईला वाचता येत नव्हतं. रानातल्या गोष्टी तिनं व्यासपीठावरनं ऐकलेल्या, तेवढ्याच तिला ठावं. आठ-आठ दिवस नळाला पानी आलं न्हाय तरी ती चिडायची न्हाय. "कुरकुर करू नगं गं. जमीन फाटतीया." चेष्टा न्हाय, खरंच पायाखाली बघायची. बिचारी लई भ्यायची.

मग मीच वाचाया बसले. दवाखान्यात, जेवनाच्या सुट्टीत. कोरह झाला, फुडं गेले, तर पाच बहिनी भेटल्या. त्यांचा बाप रानातच मेलेला. भाऊ न्हाय, म्हनून बापाच्या वाट्याची जमीन जानार व्हती. त्या पाचजनी मोशेच्या आनि सगळ्या पुढाऱ्यांच्या म्होरं उभ्या ऱ्हायल्या. म्हनल्या, आमाला जागा द्या. जमीन फाटली न्हाय. देव म्हनला, पोरी बरोबर बोलत्यात.

मी तितंच बाकावर रडले. इतक्या वर्सात हे एकदा बी कुनी सांगितलं नव्हतं. कोरह मातूर दरसाली.

घरी येऊन आईला वाचून दाखवलं. ती म्हनली, "परत वाच." तीनदा वाचून घेतलं. मग म्हनली, "मला मागं पुरू देऊ नगंस."

काल आई गेली. आज सकाळी साहेबांचा मानूस सांगून गेला, खड्डा मागं खनलाय.

मी आईची पेटी व्हरांड्यात टेकू दिली न्हाय. वस्तीतल्या मानसांकडनं थेट आत नेली, वेदीपुढं ठेवली, आनि शेजारी बसले. साहेब धावत आले. "कोरहाचं काय झालं, विसरलीस?"

"न्हाय. फुडचं बी वाचलंय."

पाच बहिनींचा अध्याय मोठ्यानं वाचला. पाळक खाली बघत ऱ्हायले. ते रोज शास्त्र वाचत्यात, त्यांना ठावं नसल का? साहेब म्हनले, "हे बंड आहे."

"व्हय," म्हनलं. "हाय."

आता दुपार झालीया. साहेब म्हनत्यात पोलीस बोलावतो. बोलवा की. पेटीतला बर्फ वितळाया लागलाय, मी दुसरी लादी मागवलीया. लिंबाखाली खड्डा पडंस्तवर आई हितनं हलनार न्हाय. मी बी न्हाय.