सुमनबाईंची थाळी

सुमनबाई आज सकाळी गेल्या. त्यांना सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.

नऊ वर्षं राहिलं होतं.

पारनेरकडच्या आमच्या गावात त्या अंगणवाडीच्या बाई. माझी गौरी दोन वर्षांची असताना वजनाच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हाक मारली तर ही बघत न्हाई गं. कान दाखवून घे एकदा."

मी फणकारले. माझ्या पोरीला नावं ठेवणाऱ्या ह्या कोण?

मग कळलं, मुलांच्या तपासणीला डॉक्टरांची गाडी येणार आहे.

मी काय केलं माहितीये? घरी दोन दिवस प्रॅक्टिस घेतली. गौरीला मांडीवर बसवायचं, टाळी वाजवायची आणि हळूच मांडी हलवायची. तिनं मागं वळून बघितलं की हातावर गूळ.

तपासणीत डॉक्टरांनी मागून टाळी वाजवली. गौरीनं झकास मान वळवली. कागदावर 'नॉर्मल' लिहून गाडी निघून गेली.

मी तोऱ्यात बाईंकडे पाहिलं. त्या माझ्या मांडीकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी घरी आल्या. हातात स्टीलची थाळी आणि डाव.

"पोरीला मांडीवर न्हाई, खाली बसव. अन् तू हितं माझ्याजवळ हुबी ऱ्हा."

गौरी आमच्याकडे पाठ करून वाटीत शेंगा टाकत बसली होती. बाईंनी थाळी अशी बडवली की कोंबड्या उधळल्या, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

गौरीनं पुढची शेंग वाटीत टाकली.

खरं तर मला आधीपासूनच कळत होतं. म्हणून तर मांडी हलवली. आणि म्हणूनच मी किंचाळले,
"तुमाला सोताचं लेकरू न्हाई, म्हनून दुसऱ्याच्या लेकरात खोट काढता व्हय!"

बाईंनी थाळी खाली ठेवली.

मग म्हणाल्या, "व्हय, न्हाई मला. उद्या सकाळच्या एसटीनं नगरला जाऊ. मी येते संगं."

आल्या. नंतरच्या प्रत्येक खेपेला आल्या. गौरीला कानाचं मशीन बसलं. आता ती नगरला निवासी शाळेत आहे. बोलते, आणि भांडते तर अगदी माझ्यासारखी.

मी बोलले ते बाईंनी कधी काढलं नाही. मी समजूत करून घेतली, की विसरल्या असतील. असलं कुणी विसरतं का?

नवरा टेम्पोवर, महिन्यातले चार दिवस घरी. बाकी दिवस मी आणि टीव्ही.

दर रविवारी एकच फोन यायचा, बाईंचा. "जेवलीस का? पोरीला मशीनचे सेल पाठवले का?"

हे विचारणारं आता कुणीच नाही. येत्या रविवारचं मला आत्तापासून भ्या वाटतंय.

आज त्यांना अंगणात ठेवलं होतं. मी वाकून कानाशी म्हटलं, "बाई, चुकलं माझं."

मग मोठ्यानं म्हटलं. बायका बघायला लागल्या. तिसऱ्यांदा तर ओरडलेच.

बाईंनी मान वळवली नाही.

बाई, तुम्ही गेल्याचं गौरीला फोनवर सांगितलं, थाळीचंही. तिनं सगळं ऐकलं.

या आता.