फळीखालचं पायडल

शेजारच्या नेहाने घरातलं ऑफिस नव्याने सजवलं आणि मला कौतुकाने बघायला बोलावलं. भिंतीला तिने स्वतः रंग दिला होता, लोणच्याच्या जुन्या बरण्यांत पेनं ठेवली होती. टेबल मात्र तिने आपल्या सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर फळी ठोकून केलं होतं. वरचं मशीन भंगारात गेलं होतं.

"टाकाऊतून टिकाऊ, काकू! खर्च फक्त फळीचा."

माझं डोकंच फिरलं. टाकाऊ कोणी ठरवलं? परवापरवापर्यंत सासूबाई त्यावर अख्ख्या बिल्डिंगचे ब्लाउज शिवत होत्या. माझ्या अंगातलाही त्यांच्याच हातचा. जुनी वस्तू वाचवली म्हणून मिरवायचं आणि ती रोज वापरणारं माणूस मात्र मोडीत काढायचं, ही कसली मेली काटकसर?

सासूबाई आत येऊन टेबलापाशी खुर्चीवर टेकल्या. त्यांचे पाय आपोआप खालच्या पायडलवर गेले आणि सवयीच्या लयीत हलू लागले.

"आई, पाय काढा ना," नेहा म्हणाली, "लॅपटॉप हलतोय."