घड्याळमामा आणि उन्हावरचं घड्याळ

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. अक्षर तर असं की किराणा दुकानदार माझी चिठ्ठी हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "वहिनी, तुमीच वाचून दाखवा." तेव्हा चुकलेलं दिसलं तर सांभाळून घ्या. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण लिहिताना समोर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं, म्हणून तुमच्याशी बोलते.

घड्याळमामा कोणतंही घड्याळ हातात आलं की आधी कानाला लावायचे. डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हाताचं बोट वर धरायचे, म्हणजे आपण गप्प राहायचं. एखादा सांगायला लागला की काल हौदात पडलं, लेकरानं आपटलं, तर म्हणायचे, "तू नको सांगू. ते सांगल. आधी आयकू दे."

अशी माणसं तुम्हीही एसटी स्टँडवर पाहिली असतील. काचेची छोटी पेटी, बसायला पाट, डोळ्याला भिंग. सेनगावच्या स्टँडवर आमचे मामा तसे बसायचे. आता तिथं मोबाईलची कव्हरं लटकतात. पण ही गोष्ट मोबाईल यायच्या आधी सुरू झाली.

शेजारी पानटपरी होती. टपरीवाला टवाळ. एकदा त्यानं जत्रेतलं प्लॅस्टिकचं खेळण्यातलं घड्याळ मामांच्या हातात दिलं. मामांनी तेही कानाला लावलं, डोळे मिटले. सगळे हसायची वाट बघत होते. मामांनी घड्याळ परत दिलं आणि म्हणाले, "हे जन्मलंच मेलेलं. पण लेकराच्या हातावर चालंल, दे त्याला."

कॉलेजच्या एका पोरीचा पट्टा तिच्या बारीक मनगटावर सैल व्हायचा. मामांनी दाभणानं त्याला एक भोक पाडून दिलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "पुढच्या साली हे भोक लागू नये, माय. जेवत जा."

एकच वाक्य मामांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं, ते म्हणजे 'हे मला जमत न्हाई.' उलट म्हणायचे, "माणसानंच केलं ना? मग माणूसच उघडंल." मला ते फार आवडायचं. मी सगळ्यांना घाबरणारी, दुकानात भावसुद्धा हळूच विचारणारी. मला वाटायचं, अशी हिंमत पाहिजे.

मी तेव्हा एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी स्वयंपाक-भांडी करायची. सर आणि बाई, दोघंच. मुलगा जर्मनीत. एका दिवाळीला तो आला आणि सरांसाठी घड्याळ घेऊन आला. त्याला चावी नव्हती. ते उजेडावर चालायचं, आणि तिकडं रेडिओच्या लहरींवरून आपली वेळ आपणच बराबर करून घ्यायचं. मुलानं नीट सांगितलं होतं, "बाबा, आपल्याकडे त्या लहरी पोचत नाहीत. वेळ हातानं लावावी लागेल. आणि उजेडात ठेवत जा."

सरांनी त्यातलं रेडिओ एवढंच धरलं. मुलगा गेल्यावर रोज सकाळी बातम्यांच्या आधी ते घड्याळ ट्रान्झिस्टरला टेकवून ठेवायचे. टू टू वाजलं की चष्म्यावरून बघायचे, "लागली बरं का वेळ!" वेळ मुलानंच लावून दिलेली होती, ती जुळायचीच. बाई म्हणायच्या, "त्याला रेडिओचं कळतं. तुम्हाला माझं बोललेलं कळत नाही."

नव्याची नवलाई संपली. सरांनी घड्याळ रुमालात गुंडाळून लोखंडी कपाटात, शालींच्या खाली ठेवून दिलं. आपल्याकडे चांगली वस्तू अशीच ठेवतात. चांगलं लुगडं पेटीत, चांगले कप काचेच्या मागं. माझ्या घरात ते घड्याळ असतं तर मीही पेटीच्या तळाशीच घातलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात नात्यातलं लग्न आलं. सरांनी घड्याळ बाहेर काढलं. सेकंदाचा काटा थांबायचा आणि एकदम दोन घरं पुढं उडी मारायचा. बाई म्हणाल्या, "हे तर लंगडतंय." सर म्हणाले, हिंगोलीला न्यावं लागेल. तेव्हा मी बोलले. सरांसमोर मी कधी तोंड उघडत नसे, पण त्या दिवशी उघडलं. "आमचे घड्याळमामा करतील की."

मामांनी घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "आवाज दबका हाय. आन चाल बघ, एक पाऊल सोडून टाकून राहिलं. सेल मरून राहिला याचा."

मी म्हटलं, "मामा, सर म्हणतात हे उन्हावर चालतं."

मामा हसले. मागचं झाकण काढून मला दाखवलं. आत खरंच एक छोटा सेल होता. "हा बघ सेल. ऊन कुठं भरलंय यात?" टपरीवालाही वाकून बघून गेला. मामांनी डबीतून त्याच मापाचा नवा सेल काढून बसवला. काटा बराबर चालायला लागला. सेलचे तेवढे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "जर्मनीचं उघडलं आज. आपल्यासारखंच निघालं."

सर खूश झाले. आता नीट झालं म्हणून रोज हातावर घालायला लागले, अंगणात उन्हात बसायला लागले. मला बाईंनी एक जुनी साडी दिली. मी ती मिरवली, हे लिहायला आज लाज वाटते.

पावसाळ्यात घड्याळ बंद पडलं. मागच्या झाकणाच्या कडेला पांढरट ओल आली होती. मुलाचा फोन आला तेव्हा सरांनी त्याला सांगितलं, आणि मग सर नुसतेच ऐकत राहिले. फोन ठेवून त्यांनी बाईंना सांगितलं ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. काटा उड्या मारत होता तो उजेड मागत होता. चार-आठ दिवस खिडकीत ठेवलं असतं तर आपोआप नीट झालं असतं. आतला मूळचा सेल उन्हानं भरणारा होता. मामांनी बसवलेल्या साध्या सेलात ऊन भरत गेलं, ते त्याला सोसलं नाही. तो फुटून गळाला आणि आतलं सगळं खाऊन बसला. आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही.

सर तसेच उठले. छत्री घेतली. मला म्हणाले, "चल, दाखव कुठं बसतो तो."

बाजाराचा दिवस होता. स्टँडवर माणसं दाटलेली. सर मोठ्यानं बोलले, जसे शाळेत बोलत असतील. "माहीत नव्हतं तर हात कशाला लावला? नाही येत म्हणायला काय जड जात होतं?"

मामांनी घड्याळ घेतलं. झाकण काढलं, भिंग लावून खूप वेळ पाहिलं. माझ्याकडं बघतील, म्हणतील हिनंच आणलं होतं, असं मला वाटत होतं. कपाटाचं तर त्यांना मी मागंच सांगितलेलं होतं. शालीखाली अंधारात ठेवलं कोणी, असं ते विचारू शकत होते. मामांनी भिंग काढलं.

"व्हय. माझ्या सेलनं खाल्लं. काय किंमत याची?"

"सात हजार! भरून द्याल?"

टपरीवाला मधे पडला, "सर, मामाची पेटी धरून सगळं इकलं तरी सात हजार…"

"तू पान लाव," मामा म्हणाले. मग सरांना म्हणाले, "देतो. तुकड्यानं देतो."

दुसऱ्या दिवशी सरांचा राग उतरला. मला म्हणाले, सांग त्यांना, रागात बोललो, राहू द्या. मी निरोप दिला. मामा म्हणाले, "सर रागात बोलले आसतील. मी तर शुद्धीवर आयकलं ना?" आणि घडी घातलेल्या नोटा माझ्या हातावर ठेवल्या.

तेव्हापासून दर बाजाराला असंच. मी कामावर जाताना स्टँडवरून जायची. मामा हाक मारायचे, मी पदर पुढं करायची, ते पैसे द्यायचे. टपरीवाला एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मामा, वहिनीला हप्ता काहून देऊन राहिले? आमाला बी कळू द्या." लोक हसले. मला वाटलं, जमीन दुभंगावी. मामांनी मान वर केली नाही. म्हणाले, "एक घड्याळ मारलं मी, त्याचा हप्ता हाय." असं ते स्वतःच भर बाजारात सांगायचे, आणि मीच पाय उचलून पळायची.

मग मी रस्ता बदलला. गिरणीच्या मागून जायला लागले. दोन बाजार गेले. तिसऱ्या बाजाराला मी सरांच्या परसात भांडी घासत होते, तर मामा कुडाशी उभे. चिखलानं धोतर भरलेलं. "तुला तकलीफ होऊन राहिली, कळतं मला," ते म्हणाले, "पण पैसे तर द्यावंच लागतील ना, माय." राखेच्या हातानं मी पैसे घेतले. त्यानंतर पुन्हा स्टँडवरूनच जायला लागले.

पण मामा बदलले होते. एक दिवस एका मास्तरानं काट्यांऐवजी आकडे दिसणारं घड्याळ आणलं. मामांनी ते कानाला लावलं नाही. उलटसुलट केलं आणि परत दिलं. "हे मला कळत न्हाई. हिंगोलीला न्या." टपरीवालासुद्धा चुना लावता लावता थांबला. मी तिथंच होते, आणि मला मामांच्या तोंडाकडं बघवलं नाही.

हळूहळू ते वाक्य त्यांच्या तोंडात बसलं. गिऱ्हाईक तुटलं. मग मोबाईल आले. वेळ बघायला मनगट कोण उलटं करतं? पेटीत घड्याळांच्या जागी पट्टे, नेलकटर, बॅटरीचे सेल आले. बाजाराच्या नोटा कमी झाल्या, चिल्लर वाढली.

एका बाजाराला मामा खोकत होते. फार थोडे पैसे दिले. माझ्या कमरेला पगाराचे पैसे होते. मी मामांच्या पैशांत माझे वीस रुपये घातले आणि बाईंना दिले. मग पुढंही तीन-चार वेळा घातले. मला वाटलं, पुण्याचं काम आहे. हे मी मनात घोळवत घरी जायची आणि मला बरं वाटायचं.

हिशोब कागदावर नव्हता, तो दोघांच्या तोंडावर होता. एकदा भाजीबाजारात बाईंनी मामांना आत्तापर्यंतचा आकडा सांगितला. मामांचा जुळेना. त्यांनी मला बोलावलं. पेटीची काच पुसत विचारलं, "तुझे किती टाकले?"

मी टपरीकडं बघायला लागले.

"किती, माय?"

मी सांगितलं. त्यांनी गल्ल्यातून माझे सगळे पैसे मोजून काढले आणि पेटीवर ठेवले. "उचल." मी उचलेना. तेव्हा म्हणाले, "चूक माझी हाय. तिच्यात वाटा मागू नको."

सासू बोलली, नवरा बोलला, आयुष्यात पुष्कळ ऐकलं मी. पण हे असं लागलं की घरी जाऊन चूल पेटवायचंही सुचेना. मामा रोज सगळ्यांदेखत म्हणत होते की माझं मी फेडीन. मी मात्र त्यांना न विचारता ठरवून टाकलं होतं की यांच्यानं होणार नाही.

वर्षं गेली. सरांना विसर पडायला लागला. बाईंना बहिणीच्या नावानं हाक मारायचे. मला रोज विचारायचे, तू कोणाची गं? मामांनीही स्टँडवर बसणं सोडलं, नजर उरली नव्हती. बाळापूरला लेकीकडं जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी ते सरांच्या घरी आले. पेटी विकून, द्यायचे राहिलेले सगळे पैसे आणले होते.

बाई म्हणाल्या, "मामा, यांना आता काही आठवत नाही. माझ्याकडंच द्या."

"ज्यांचं घड्याळ त्यांच्या हातात देतो," मामा म्हणाले.

सर खुर्चीत होते. मामा समोर उभे राहिले. सरांनी पैशांकडं पाहिलं. "हे कशाचे?"

मामांनी पैसे हातात ठेवून निघून जावं, असं मला वाटत होतं. बाईंनाही वाटत असावं, त्या खूण करत होत्या. मामांनी सांगायला सुरुवात केली. घड्याळ कसं आलं, काटा कसा उडत होता, मी काय म्हणाले, त्यांनी झाकण कसं उघडलं. कपाटाचं नाव काढलं नाही. "या तुमच्या स्वयंपाकाच्या बाईनं मला सांगितलं होतं, हे उन्हावर चालतं. मी म्हणलो, उन्हावर तर पापड वाळतात." हे ते म्हणाले होते. मी विसरले होते, ते विसरले नव्हते.

सर खदखदून हसले. पापड, पापड म्हणत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मामा हसले नाहीत. सरांचं हसणं संपेपर्यंत थांबले, आणि मग पुढं म्हणाले, "मला कळत नव्हतं, सर. तरी मी न्हाई म्हणलो न्हाई. म्हणून ते मेलं."

सरांनी चष्मा नीट केला. समोर कोण उभं आहे असं त्यांना वाटत होतं कोण जाणे. "खरं बोललास," ते म्हणाले. "बस."

मामा मान खाली घालून जमिनीवर बसले. सरांच्या तळव्यावर त्यांनी पैसे ठेवले. सरांनी ते न मोजता बंडीच्या खिशात घातले. मी दाराची चौकट धरून उभी होते, पुढं यायचं धाडस झालं नाही. बाईंनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "फिटले, मामा. सगळे फिटले."