चाळीस पाकिटं चकली

परवा शेजारच्या अपार्टमेंटमधून चकल्या तळल्याचा वास आला आणि अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावातली ती सकाळ आठवली. आम्ही तिघं एमएस करत होतो आणि क्लासच्या प्रोजेक्टसाठी, घरून फराळ विकणाऱ्या एका काकूंचं ऑनलाइन दुकान तयार करत होतो. साइट किती ऑर्डरी पेलते ते बघायला आदल्या दुपारी आम्ही वेगवेगळ्या नावांनी चाळीस खोट्या ऑर्डरी टाकल्या. त्यांचे मेल काकूंना जाणार नाहीत एवढं बघायचं काम माझं होतं. मी ते विसरले. सकाळी वर्गात साइटचा डेमो द्यायला जाताना बसमध्ये काकूंचा फोन आला, "अगं, चाळीस जणांनी चकली मागवलीय! पहाटेपासून तळतेय." शेजारी बसलेला टीममधला मित्र हळूच म्हणाला, "यार, डेमो झाल्यावर सांग ना." तोवर त्या तळतच राहिल्या असत्या. मी पुढच्या स्टॉपला उतरले आणि थंडीत धावत त्यांच्या घरी गेले. ओट्यावर, टेबलावर, इस्त्रीच्या फळीवरसुद्धा कागद पसरून चकल्या निवत ठेवल्या होत्या. भरलेल्या पाकिटांवर काकूंनी आमची ती बनावट नावं वळणदार अक्षरात लिहिली होती. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला. हातातला सोऱ्या तसाच धरून त्यांनी विचारलं, "म्हणजे यातलं कुणीच येणार नाही?" डेमो छान झाला म्हणे. आता नोकरीत रोज टेस्टिंग करते, पण खोट्या ऑर्डरीवर माणसाचं नाव टाकायला माझा हात अजून धजावत नाही.