पट्टी, बादली आणि फाटक

३ मेची गोष्ट. तांदळाचे पापड गच्चीवर वाळत घालायचे होते. अर्धे झाले तोच खालून मुलीची हाक आली. मोठ्या बाबांनी पट्टी पुन्हा सरळ केली होती.

मुर्री गावात घरामागेच आमचं वर्कशॉप आहे, राइस मिलचे सुटे भाग करतो. मुलगी नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. वितळलेल्या धातूचे थरावर थर चढवून वस्तू घडवायची, हा तिचा प्रकल्प. थरांखालची लोखंडी पट्टी या उष्णतेने तापून निवताना टोकांकडून उचलली जाते. किती उचलेल ते आधी कम्प्युटरवर काढायचं आणि तेवढीच उलटी वाकवून ठेवायची, म्हणजे शेवटी सरळ निघते. दुपारच्या गाडीने तिचे सर बघायला येणार होते. पट्टी वाकडी निघाली तर वर्ष वाया.

मोठे बाबा म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. रस्त्यात सापडलेला खिळासुद्धा ते घरी आणून ठोकून सरळ करतात. पापड वाळताना वळतात; ते मी गच्चीवर घालते तेही त्यांना जिना चढवत नाही म्हणूनच.

पट्टी वाकडी आहे म्हणूनच सरळ निघेल, हे मुलीने त्यांना दोनदा समजावलं होतं.

"मंग मी सरळ केली तं काऊन वाकडी होईल?"

"गरम होऊन, मोठे बाबा. कम्प्युटरनं काढलं आहे."

"मंग तो कम्प्युटरच वाकडा आहे. आण इकडं, त्यालेबी पाहतो."

त्यांना दटावू शकणारा माझा नवरा सालेकस्याच्या एका मिलवर गेला होता. आमच्याकडे सून भासऱ्यांशी थेट बोलत नाही. मी बादलीकडे बघून म्हटलं, पट्टीला कोणी हात लावू नये.

ते मुलीला म्हणाले, "तुह्या मायले सांग, बादली कायले हात लावते पट्टीले?"

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन पुढच्या फाटकाचा एक गज वाकवला आणि फाटक वाकलं म्हणून बादलीला सांगितलं. भासरे हातोडा घेऊन निघाले. तेवढ्या वेळात मुलीने पट्टी पुन्हा उलटी वाकवली, थर चढवले आणि निवू दिलं.

सरांनी वर स्टीलची मोजपट्टी ठेवून तिच्याखालून उजेड दिसतो का ते पाहिलं. कुठेही फट नव्हती. पास, म्हणाले. तेवढ्यात भासरे हात पुसत आले आणि पट्टीकडे बघून सरांना म्हणाले, "सकाळीच सरळ करून टाकली होती मी."

सरांनी त्यांचे आभार मानले. मुलगी काही बोलणार होती, पण मी तिच्या हातात चहाचा ट्रे दिला.

सर गेल्यावर फाटक लागेना. ट्रॅक्टरच्या धक्क्याने खांब कधीचा कललेला आहे, आणि त्याला जमेल असंच आम्ही फाटक तिरकं करून घेतलं होतं. भासऱ्यांनी माझ्या गजासकट सगळंच फाटक सरळ केलं होतं. त्या दिवशी विटा लावून भागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेल्यावर मी सब्बल घेतली आणि कडी बसेपर्यंत फाटक वाकडं केलं.