बापूकाकांना विचारायचं राहिलेलं

नगरहून कल्याणच्या एसटीत बसलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन कपडे, आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू आणि पप्पांचं बायबल होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पप्पांना जाऊन दोन महिने झाले होते. शेवटच्या आजारात ते म्हणाले होते, "येशूशिवाय तारण नाही, हे मी बापूला कधी सांगितलंच नाही रे. धीर झाला नाही. तू एकदा विचार त्याला, येशूला मानशील का म्हणून."

बापूकाका साताऱ्याकडचे. पप्पा मशीद बंदरला एका पेढीवर कारकून होते आणि काका तिथेच माथाडी (डोक्या-पाठीवर ओझी वाहणारे कामगार). दोघांच्या खोल्याही शेजारी. पुढे बाजार खाडीपलीकडे हलला, काका कोपरखैरण्याला गेले आणि आम्ही नगरला परतलो. भेटेल त्याला सुवार्ता सांगणारे पप्पा या एका माणसापुढे गप्प राहिले, याचं मला तेव्हा नवल वाटायचं.

कल्याणला बस बदलून महाप्याला उतरलो. कारखान्यांच्या भिंतींमध्ये भाताची चार खाचरं अजून तग धरून होती. रिक्षावाल्याने मला भलतीकडेच, बोनकोडे गावात सोडलं आणि तो पसार झाला. ओट्यावर सुकट निवडणाऱ्या एका बाईंना मी सेक्टर विचारला.

"सेक्टर मना नाय ठावं," त्या म्हणाल्या. "सातारवाल्यांची वस्ती तिकरं (तिकडे) हाय, पान्याचे टाकीचे मांगं."

काकांनी दारातच मला पोटाशी धरलं. अंगाला तोच गुळाचा आणि घामाचा वास होता.

नेमकी त्या दिवशी पौर्णिमा होती. देव्हाऱ्यातल्या ज्योतिबापुढे पुरणपोळीचा नैवेद्य मांडलेला. मूर्तीपुढे ठेवलेलं खायचं नाही, हा आमच्या घरचा कडक नेम. आता काकूंना नाही कसं म्हणायचं, या विचाराने माझी भूकच पळाली.

काकूंनी आतून वेगळं झाकलेलं ताट आणलं.

"हे तुझं. निवदाच्या आधीच काढलंय. तुझ्या पप्पाचं बी असंच काढायची मी."

"देवाच्या आधी?"

"सासूबाई लई बोलायच्या. म्या म्हनायची, देव घरचाच हाय, थांबंल की."

पण निरोप द्यायलाच हवा होता. मी बायबल काकांच्या हातात दिलं आणि पप्पांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. काकांनी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"त्याला हे इचारायचं हाय, मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "त्यो सुरू करायला लागला की मीच इषय बदलायचो. मला न्हाई म्हनावं लागलं असतं, आन त्याला वाईट वाटलं असतं."

"आणि आता?"

"आता बी न्हाईच, पोरा. ज्योतिबा माझ्याच्यानं सुटायचा न्हाई. तू जेव, पोळी गार व्हतीय."

बायबल मात्र त्यांनी ठेवून घेतलं. आपल्या मित्राचं आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी नगरला पोचलो. आईने दारातच विचारलं, "सांगितलंस?" मी मानेनेच हो म्हटलं. काका काय म्हणाले, ते तिने विचारलं नाही.

यालाही आता बरीच वर्षं झाली. काकाही गेले. तारणाचा मार्ग एकच, हे मी आजही मानतो. फक्त त्या मार्गाने स्वर्गात पोचलेल्या पप्पांना बापूकाकांवाचून करमत असेल का, एवढं मला कोणी सांगत नाही.