कॉम्प्युटरमधले पाहुणे

शाळा माझी चौथीतच सुटली. मग गिरणीत कापड विणायचे साचे चालवले, ते संपात गेले. त्यामुळे लालबागच्या आमच्या खोलीत पोरीने कॉम्प्युटर आणला, तेव्हा घरात मशीनमधलं कळणारा मी एकटाच, असं मी अख्ख्या चाळीला सांगून ठेवलेलं.

पोरगी घरीच लग्नपत्रिका बनवायची. जम बसत होता, पण मशीन अडायचं. पत्रिकेत नवरा-नवरीचा फोटो टाकला की पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा. दोन गिऱ्हाइकं आमचा चहा पिऊन दादरला दुसऱ्याकडे गेली. "अजून एक गेलं ना, तर हे बंद. मी नोकरी बघते," पोरीने सांगून टाकलं.

तिसरं गिऱ्हाईक चहाला टेकलं, त्याच दिवशी रिपेअरवाल्यालाही बोलावलं. तो म्हणाला, "काका, मेमरी कमी पडतेय. वाढवून घ्या."

"माझी पण कमी पडते रे. आधी मला वाढवून दे."

कोणी हसलं नाही. म्हणून मग विचारलं, मेमरी म्हणजे काय?

"खोली समजा. जेवढी कामं चालू, तेवढी माणसं आत."

हे मला फटकन कळलं. गिरणी चालू होती तेव्हा ह्याच खोलीत गावचे वीसेक जण राहायचो. एक पाळीला गेला की त्याच्या वळकटीवर दुसरा आडवा. गर्दी झाली म्हणून कोणी दुसरी खोली घेतली नाही.

"मेमरी-बिमरी काय नको," मी हुकूम सोडला. "आत फुकट कोण लोळतंय बघ, त्याला बाहेर काढ."

त्याने बघितलं. आत एक रेडिओ. एक पंचांग. तासातासाला ओरडणारा एक पोपट. आणि पत्त्यांचे डाव, सगळे अर्धवट.

"हे कोणाचं?"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. काय व्हायचं, खेळून झालं की मी वरची छोटी रेघ दाबायचो. डाव खाली जाऊन बसायचा. मला वाटायचं, मिटला.

आतून बायको ओरडली, "बाय, आधी तुझ्या बापाशीक भायर काढ! मशीन आपसूक चलतला."

सगळे पाहुणे हाकलले. साधी पत्रिका सपासप झाली. "बघ!" मी छाती फुगवली. "वाचवलं की नाय मी तुला?"

पोरीने फोटो टाकला. बाण थिजला. आता आत तिच्या कामाशिवाय कोणी नव्हतं, दोष कोणाला देणार? गिऱ्हाइकाने कप खाली ठेवला आणि चपला शोधायला लागलं.

"शेट, बसा! अजून एक कप घ्या," मी दारात आडवा झालो. आणि रिपेअरवाल्याला म्हटलं, "बसव रे बाबा. लवकर बसव."

मेमरी त्याच्या पिशवीतच होती. फणीएवढी पट्टी! बसवली, आणि फोटो चटकन आला. गिऱ्हाइकाने दुसरा कप संपवून ऑर्डर दिली. नोकरीचं नाव पोरीने परत काढलं नाही.

आठवडा गेला. मग हळूच विचारलं, "आता खोली मोठी झालीय. माझ्या पत्त्यांना कोपरा मिळेल का?"

"कोपरा नाय. पाळी लावते," पोरगी म्हणाली. "मी जेवून पडते ना, तेव्हा खेळा. उठले की डाव मोडायचा, खाली नाय ठेवायचा."

एवढ्या वर्षांनी दुपारपाळी लागली. दुसऱ्या दिवशी वेळेआधीच जाऊन बसलो, आणि पहिलाच डाव हरलो.